तीर्थाची पळी

पाऱ्याची पिंडी आमच्या नानाखेड्याच्या घरात सासऱ्यांइतकीच मानाची होती. बँकेतून रिटायर झाल्यावर तात्यांनी ती एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतली. रोज तिच्यावर पंचामृताचा अभिषेक, आणि मग ते दह्या-मधाचं तीर्थ पिंडीसकट रात्रभर वाटीत. तशी त्यात ताकत उतरते म्हणे! सकाळी पहिली पळी माझ्या ईराला. आजोबांची लाडकी ना ती.

फेब्रुवारीत घरात फ्लू शिरला. आम्ही मोठे कण्हत-कुंथत उठलो. सहा वर्षांची ईरा दवाखान्यात गेली. वॉर्डात तिनं मला पाणी मागितलं. उशाशी बसलेल्या तात्यांनी घरून आणलेल्या तीर्थाची पळी तिच्या ओठांना लावली. त्याच संध्याकाळी तिला आयसीयूत हलवलं, आणि माझी पोर परत आलीच नाही.

रक्ताचा रिपोर्ट नंतर हातात आला. शिसं, भलतंच जास्त. आदित्यनं, माझ्या नवऱ्यानं, गुपचूप तीर्थ तपासून आणलं. त्यातही शिसं. पिंडीच्या पाऱ्यात मिसळलेलं ते आंबट दह्यात उतरत होतं.

"यामुळेच गेली, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अंगात शिसं असलं की व्हायरसशी झगडायला शरीर कमी पडू शकतं. साधा आजारही भारी पडू शकतो."

"तात्यांना कळता कामा नये," आदित्य म्हणाला. "टूट जातील ते." पिंडी लपवावी, तर ते दुसरी आणणार. ईरा आजारपणाआधी आठवडाभर देवासला माझ्या माहेरी गेली होती. तेवढं तीर्थ चुकलं म्हणून ती गेली, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. माझा संताप संताप व्हायचा. तरी नवऱ्यासाठी तोंड शिवून बसले.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर देवघरापुढे खालच्या मजल्यावरची निहारिका. चार वर्षांची. ईरासारखीच ओंजळ पुढे. तात्यांच्या हातात तीच पळी.

मी धावत जाऊन ती हिसकावली. तीर्थ सगळं त्यांच्या सोवळ्यावर सांडलं. निहारिका रडायला लागली. तिला खाली पोचवून मी परत आले आणि बोलत सुटले. रिपोर्ट, शिसं, दही, डॉक्टर, सगळं. इतक्या दिवसांचा राग होता, थांबवता येईना. मला वाटलं, ते भांडतील. भांडायलाच हवे होते.

तात्या पाटावरच खाली बसले. माझा राग कुठे गेला कोण जाणे, नुसतं रडू येत होतं.

"अमृता बेटा," ते म्हणाले, "एक सच सांग. त्या दिवशी वॉर्डात तिनं काय मागितलं होतं? मला ऐकू कमी येतं. मला लगा, ती पाणी म्हणाली."

मी त्यांच्याजवळ बसले. पदरानं त्यांचे हात पुसले. बोटांना अजून मध चिकटलेला होता.

"नाही तात्या," मी म्हणाले. "तीर्थच मागितलं होतं तिनं."