चालता डबा

खोटं तुम्ही बोललात. फक्त ते एका खेळण्याच्या तोंडून वदवून घेतलंत. रेल्वे खात्याच्या काचेच्या केबिनमध्ये बसून तुम्ही कागदावर लिहिलंत, की दुमजली डबा आपल्या पुलांखालून सुखरूप जातो. मग लोकांना ते पटवायला ओटाहुहु उपनगरातल्या एका गॅरेजमधून मॉडेल उचलून नेलंत. ज्याने ते केलं त्याचं नाव तुम्हाला अजून धड घेता येत नाही. दीनानाथ. दोन हजार चार साल चालू आहे आणि ही गोष्ट गेल्या सहा दिवसांतली आहे. विसरलो म्हणायची सोय नाही.

शनिवारी सकाळी तुमचा साहेब त्या गॅरेजमध्ये उभा होता. दीनानाथ वाटीतून चिमूट चिमूट तांदूळ घेऊन डब्याच्या वरच्या मजल्यावर सारखे पसरत होते.

"बाबा, तांदूळ कशाला?" शार्दूल हळूच म्हणाला. हा त्यांचा मुलगा, तुमच्याच खात्यातला कंत्राटी इंजिनियर.

"वर माणसं बसणार ना? का वरचा मजला शोभेला आहे?"

दीनानाथांनी भारतात एकतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात काढली. आधी फिटर, मग तपासनीस. वय एकोणसत्तर. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे आले तेव्हापासून टीव्ही आणि बागेतलं गवत यांच्यामध्ये अडकले होते. तुम्ही परदेशातून सहा जुने दुमजली डबे घेतलेत, शार्दूलने त्यांची ड्रॉइंगं घरी आणली, आणि म्हाताऱ्याच्या हातांना काम मिळालं. खऱ्याच्या वीसपट लहान, पत्रा आणि पितळेचा डबा. दोन्ही टोकांना स्प्रिंगांवर बसवलेल्या चाकांच्या बोग्या, मध्ये पोट खाली सोडलेलं. चार पायऱ्या उतरून तळमजला, सहा चढून वरचा. फलाट लांबवता येत नाहीत, तर माणसांवर माणसं बसवा, ही या डब्यामागची मूळ युक्ती. युक्ती वाईट नाही. पण जिथे हे डबे वीस वर्षं धावले, तिथले पूल उंच आहेत.

वळणावरचा तुमचा पूल दीनानाथांनी प्लायवूडमध्ये कापला होता, मिलिमीटरला मिलिमीटर. डबा कमानीखाली उभा केला. वर दोन मिलिमीटर मोकळे. खऱ्या डब्यात चार सेंटिमीटर.

"ब्रिलियंट!" साहेब म्हणाला.

"थांबा." दीनानाथांनी डबा रुळांवर मागे घेतला आणि सोडला. वळणावर तांदळाच्या वजनाने स्प्रिंगा दबल्या, डबा एका अंगाला कलला, आणि छपराचा कोपरा कमानीला लागला. टिक.

एवढासाच आवाज. साहेबाने पुन्हा सोडायला सांगितलं. टिक. तिसऱ्यांदा निळ्या रंगाचा टवका उडाला.

"उभा डबा मावतो साहेब, चालता मावत नाही," दीनानाथ आपल्या इंग्रजीत म्हणाले. "आणि उभा ठेवायला डबा कोणी घेत नाही."

साहेब हसला. "डीन, मेट, मॉडेल आहे ते. तांदूळ काढ, स्प्रिंगा घट्ट कर. स्वीट ॲज, झालं काम." जाताना त्याने शार्दूलच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो जरा जास्त वेळ ठेवला.

उर्मिला, त्यांची सून, चहाचे कप न्यायला आली. "बाबा, ते तांदूळ परत तांदळाच्या डब्यात टाकू नका हं! ग्रीसचा भात नाही व्हायचा माझ्याकडून."

तिने कप उचलले आणि गेली.

गुरुवारी संध्याकाळी लोकांसमोर सभा. त्या सकाळी दीनानाथांनी डबा पुसायला घेतला, बोगी बोटाने दाबली. दबली नाही. डबा उलटा केला. आठही स्प्रिंगांवर पिवळट, काचेसारखा कडक गोंद.

शार्दूल बूट घालत होता.

"तू केलंस?"

"बाबा, डबे येऊन पोचलेत. यार्डात उभे आहेत, रंग चाललाय. आता कोण मागे घेणार?"

"पुलाला सांगितलंस का, की डबे पोचलेत म्हणून?"

"मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. रेसिडेन्सीची फाईल अडकलीय. तुम्हाला इथलं काही कळत नाही!"

"अरे, बाबांवर काय ओरडतोस?" आतून उर्मिला म्हणाली. "आरशात बघून ओरड ना."

दीनानाथांनी डबा सरळ केला. तोडून टाकावा असं क्षणभर त्यांच्या हातांना वाटलं. तोडला नाही. हातांनी एकतीस वर्षांत डबा तोडला नव्हता.

सभेला शंभरएक माणसं आली. डबा वळणावरून ताठ गेला, कमानीखालून निघाला. टाळ्या पडल्या. एका आजीने तर "किती गोड" म्हटलं. प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा दीनानाथ उठले. गोंदाचं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोराची नोकरी तिथेच, त्या पॉलिश केलेल्या फरशीवर पडली असती. त्यांनी दुसराच मार्ग काढला. त्यांना तो फार हुशारीचा वाटला होता.

"आमच्या कारखान्यात एक रीत होती," ते म्हणाले. "नवा डबा पहिल्यांदा बाहेर काढायचा, तर पास म्हणून ज्याने सही केली तो त्या फेरीला आत बसायचा. जिथे धोका जास्त, त्या सीटवर. तुमच्याकडे पहिल्या फेरीला वर कोण बसणार?"

त्यांनी साहेबाकडे पाहिलं. त्यांच्या कारखान्यात सही मोठ्या साहेबाची असायची. इथेही तसंच असणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

साहेब मोकळेपणी हसला. "सुंदर रीत आहे! आपण पाळू या. मोजमापाच्या दाखल्यावर सही आमच्या इंजिनियरची आहे." त्याने हात लांब केला. "शार्दूल, उभा राहा. रविवारची चाचणी, वर तू."

लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. शार्दूल उभा राहिला. त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता. दीनानाथांना खाली बसायचं सुचलं नाही. टाळ्या थांबल्या तरी बाप आणि मुलगा दोघेच उभे होते.

सभेनंतर ते गाडीने घरी निघाले. सिग्नलला शार्दूल म्हणाला, "सही सोमवारीच घेतली त्यांनी. म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे."

"ड्रायव्हरला सांग, पुलाजवळ हळू घे. पायी चालल्यासारखी."

"ते माझं ऐकणार नाहीत, बाबा. वेळेत जाते हेच दाखवायचंय त्यांना."

दीनानाथ बाहेर बघत राहिले. यार्डाच्या कुंपणाआड निळे डबे रांगेने उभे होते, वरच्या खिडक्या अंधारलेल्या. ड्रॉइंगमध्ये त्यांनी सीटा मोजल्या होत्या. वर समोरासमोर दोन-दोनची बाकं आहेत.

"कोपऱ्यात खिडकीशी मी बसतो," ते म्हणाले. "तू आतल्या बाजूला."

"बाबा, नको."

"गप गाडी चालव."

तर रविवारी सकाळी दहाला डबा सुटेल. वरच्या एका बाकावर बाप आणि मुलगा असतील. मुलाने सही केली म्हणून तो, आणि बाप त्याचा बाप आहे म्हणून. त्यांच्या समोरचं बाक रिकामं आहे, दोघांचं. एक सही करायला लावणाऱ्या तुमच्या साहेबासाठी, आणि एक त्याच्यावरचा जो कोणी असेल त्याच्यासाठी. येताय का? होय की नाही, शनिवारच्या आत सांगा.