हो गं बाई

[झोपव] [उठव] [फोटो काढ] [फोटोसारखं कर]

दादाच्या सर्व्हरच्या पानावर ही चार बटणं होती. सर्व्हर भाड्याचा, कुठल्यातरी लांबच्या इमारतीतला. त्याचं खरं पॅनेल शंभर बटणांचं. ते आईला झेपायचं नाही म्हणून दादानं हे साधं पान केलं. कुठलंही बटण दाबलं की पान विचारायचं, "नक्की?" खाली दोन उत्तरं: [हो गं बाई] आणि [नको रे बाबा].

"मेल्या, यंत्रालाही माझी नक्कल शिकवलीस?" आई म्हणाली, आणि दुपारभर त्याला झोपवत-उठवत बसली.

[फोटो काढ]

म्हणजे सर्व्हर आत्ता जसा आहे तसा जपायचा. पुढं काही बिघडलं तर [फोटोसारखं कर]. मग तो त्या दिवशी होता तसा होतो. नंतरचं सगळं जातं.

हे दादानं मला सांगितलं होतं. आईला नाही.

"फोटो दर आठवड्याला तू काढत जा. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत तुझ्याकडे उतरवून घे."

"घेते रे."

घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज राहणार नव्हता. म्हणून आधीचे दोन महिने तो रोज आईसाठी काहीतरी बोलून सर्व्हरवर चढवायचा. भांडणं, विनोद, माझ्या चहाड्या. त्रेसष्ट झाली.

ऑपरेशननंतर आवाज राहिला नाही. तोही.

आई रोज जेवताना एक लावायची.

[झोपव] [उठव]

मंगळवारी तिचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये.

"अगं, तो लागत नाहीये. रेकॉर्डिंगचं पान नुसतं पांढरंफटक."

"झोपवून उठव."

"दोनदा केलं. ढिम्म हलत नाही."

"मग दुसरं बटण दाब. तुझ्यासाठीच केलीयत ना त्यानं?"

"फोटोसारखं कर, हे दाबू?"

समोर साहेब घड्याळ बघत होते.

"दाब गं."

"नक्की, विचारतोय."

"आई!"

"बरं बरं, ओरडू नकोस. हो गं बाई."

[फोटोसारखं कर]

फोटो एकच होता. पहिल्या दिवशी दादानं बटण चालतंय का बघायला काढलेला. त्यानंतर मी एकही काढला नव्हता. प्रतही उतरवून घेतली नव्हती.

सर्व्हरवाल्यांच्या मदतकेंद्रातला माणूस सौम्यपणे म्हणाला, "ताई, मागं नेलं की पुढचं पुसलं जातं. परत नाही येत."

घरी पोचले तेव्हा ताट वाढलेलं होतं.

"चालू झालं बघ! पण एकच दिसतंय. बाकीची कुठं ठेवलीस?"

मी सांगितलं. सगळं. फोटोचं, प्रतीचं, घेते रे म्हणाल्याचं. 'तूच म्हणालीस ना दाब' असं ती म्हणेल म्हणून वाट बघत राहिले. ती म्हणाली नाही. ताटातली मिठाची चिमूट बोटानं सारखी करत राहिली. मग तिनं उरलेलं एक लावलं. अकरा सेकंदांचं, चाचणीचं.

"हॅलो. हॅलो. आई, ऐकू येतंय का?"

मग नुसती खरखर. तो उत्तराची वाट बघत असावा.

"येतंय रे," आई म्हणाली. "बोल."

रेकॉर्डिंग संपलं.

तिनं परत लावलं.