वन्संचा एक तास

जहाज शुक्रवारी सुटणार असेल, तर माणूस गुरुवारीच बंदराच्या गावात जाऊन झोपलेला पाहिजे. हा माझा नियम. बावीस वर्षं मी लोकांना प्रवासाची तिकिटं काढून देतेय. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि मनात आलं तरच छापणारा प्रिंटर. गिऱ्हाईक म्हणतं, "सकाळी विमानातून उतरलं की पाचचं जहाज आरामात मिळेल की." मी म्हणते, मिळेल, आणि नाही मिळालं तर मागून पोहत जा. विमान रखडतं, बॅग भलत्याच गावी जाते, आणि जहाज पाचला सुटतं म्हणजे त्याचं दार साडेतीनलाच बंद होतं, हे काही केल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

लोकांचं सोडा. घरच्या माणसाचं तिकीट काढलं आणि माझाच नियम माझ्या गळ्यात आला.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांचा एकुलता एक मुलगा जहाजावरच्या बेकरीत पाव भाजतो. एक करार संपला की लगेच दुसरा, असं करत दोन वर्षं घरी आला नव्हता. कंपनीने त्याला आईसाठी एक पास दिला होता. सात दिवस, फुकट, पण चढायचं दूरच्या एकाच बंदरात, ह्याच शुक्रवारी. त्यानंतर जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार, ते वर्षभर. हा शुक्रवार हुकला की लेकाचं तोंड दिसायला आणखी एक वर्ष.

आणि वन्संची ख्याती काय, तर उशीर. आमच्या लग्नाच्या फोटोंत त्या नाहीत, जेवणाच्या फोटोंत आहेत. म्हणून तेव्हापासून घरात एक रीतच पडली होती. कार्यक्रम अकराचा असला तर वन्संना दहा सांगायचं. हे कुणी ठरवलं नाही, पण सगळे पाळत. मी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन आधी हेच शिकवलं होतं.

पण धंद्यात मी खोटी वेळ सांगत नाही. गुरुवारचं विमान चारचं होतं. मी वन्संना सांगितलं, "तीनला काउंटर बंद होतो. तीनच्या आत पोचा."

वन्सं पोचल्या चारला दहा कमी असताना.

मला फोन आला तेव्हा मी काय काय बोलले ते सांगत नाही. वयाने मोठ्या आहेत. लगेच शुक्रवारी सकाळच्या विमानात शेवटून तिसरी जागा पकडली. सव्वाआठला सुटून पाऊणला उतरणार. म्हणजे माझ्या नियमाने जो एक दिवस राखून ठेवला होता तो विमानतळाच्या दारातच खर्च झाला, आणि ज्या विमानाबद्दल मी बावीस वर्षं लोकांना ओरडतेय, नेमक्या त्याच विमानात नणंदेला बसवायची वेळ आली.

संध्याकाळी वन्सं बॅगेसकट आमच्याकडे आल्या आणि भिंतीकडे तोंड करून चहा प्यायल्या. माझा राग थोडा निवला, आणि मग डोक्यात एक किडा वळवळायला लागला. मी उशिरा येणारी माणसं रोज बघते. ती कशीही येतात, आज वीस मिनिटं उशिरा, उद्या दोन तास. वन्संचं तसं नव्हतं. मी आठवून बघितलं. मुलीचं बारसं, सासऱ्यांची पंच्याहत्तरी, आमची नवी जागा. प्रत्येक वेळी सांगितलेल्या वेळेनंतर एक तास. कधी पाच मिनिटं कमी, कधी पाच जास्त, पण तासच. गबाळं माणूस इतकं नेमकं कसं असेल?

"वन्सं," मी म्हटलं, "रागावू नका, पण तुम्ही तीनला का नाही पोचलात?"

"तीन म्हणजे चार ना," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, तुम्ही सगळे मला तासभर आधीची वेळ सांगता. मला काय कळत नाही? तू आलीस त्याच वर्षी कळलं. तेव्हापासून मी एक तास मिळवते." आणि मग जरा फणकाऱ्याने, "मी कधीच उशिरा येत नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला बरोब्बर हजर असते. तुम्हीच आधीपासून ताटकळत बसलेले असता आणि माझ्याकडे डोळे वटारून बघता."

आमचे हे पेपरामागे होते, ते खाली आले. मला हसूही येईना आणि रडूही. वीस वर्षं आम्ही त्यांना फसवत होतो आणि त्या आमच्या फसवण्याला घड्याळ लावून चालत होत्या. चोरावर मोर. आमच्या लग्नाला म्हणे त्या खरोखर उशिरा आल्या होत्या, बस बंद पडली होती. तेवढ्या एका बसपायी हे सगळं.

मी हात जोडले. "ह्यापुढे खरी वेळ. शपथ."

"बघू," वन्सं म्हणाल्या, पण चेहरा उजळला होता.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः त्यांना विमानतळावर नेलं, सहालाच. आत जाताना त्या वळल्या. "बंदरावरचं दार किती वाजता बंद होतं? खरं सांग."

मला विमान रखडलेलं दिसलं, बॅग हरवलेली दिसली, वन्सं चहाला थांबलेल्या दिसल्या, आणि तोंडातून निघून गेलं, "अडीच."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती अशी. परत हाक मारून अडीचचं साडेतीन करता आलं असतं. केलं नाही. म्हटलं, एक तासाने कुणाचं काय बिघडतंय.

विमान दोन तास उशिरा सुटलं होतं की सव्वा तास, ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पडद्यावर वेळ बदलत राहिली. मी ऑफिसात एकाही गिऱ्हाइकाशी धड बोलले नाही. आमचे हे सुट्टी टाकून समोरच्या खुर्चीत येऊन बसले होते, नखं खात. दोन वाजता विमान उतरल्याचं दिसलं. विमानतळ ते बंदर, टॅक्सीने पाऊण तास. मी मनातल्या मनात बॅग पट्ट्यावर फिरवत होते. मिळेल. धावतपळत, पण मिळेल.

दोन पस्तीसला फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"अगं, माझं परतीचं तिकीट बघ," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, आणि तोच मला लागला. "आत्ता बॅग आली. अडीच वाजून गेले. तुझ्या भाच्याला कसं कळवायचं तेवढं सांग. तो दारापाशी येऊन उभा असेल."

"वन्सं, दार साडेतीनला बंद होतं. मी सकाळी खोटं बोलले. टॅक्सीत बसा. आत्ता."

"काल शपथ घेतलीस ना?"

"घेतली."

"आणि आता हे साडेतीन खरं कशावरून? मला बरं वाटावं म्हणून सांगत असशील. तिथे जाऊन बंद दार बघू?"

ज्या तोंडाने अडीच म्हटलं, त्याच तोंडाने साडेतीन म्हणत होते. "कशावरूनच नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटली म्हणून बोलले. चुकलं माझं."

फोन बंद झाला.

पुढच्या तासाबद्दल काय सांगू? फोन केला तर उचलेनात. साडेतीन वाजले. तीन पस्तीस. हे उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

तीन बेचाळीसला फोन आला. आधी नुसता रडण्याचा आवाज, आणि तो वन्संचा नव्हता. दांडग्या पुरुषाचा होता. "मामी," भाचा म्हणाला, "आली गं."

मग वन्सं. "तीन सव्वीसला आत घेतलं त्यांनी. माझ्या मागे दोघंच होते. हा पिठाच्या हातांनीच गळ्यात पडला, साडीचं पार पोतेरं झालंय."

मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवलात, फार उपकार झाले."

"छे, विश्वास कुठला," त्या म्हणाल्या. "तुझं एक अक्षर खरं वाटलं नाही मला. अर्धा रस्ता तुला शिव्या देत होते. पण म्हटलं, आज मिळवायचं नाही की वजा करायचं नाही. वेळ गेलेली असली तरी जायचं. बाबांच्या वेळी बाळ्याने पाच म्हटलं आणि मी सहा धरलं."

बाळ्या म्हणजे आमचे हे. सासरे दवाखान्यात होते तेव्हा ह्यांनीच बहिणीला फोन केला होता की पाचच्या आत ये. सासरे पाच वीसला गेले. वन्सं सहाला आल्या, हातात त्यांच्यासाठी धुतलेले कपडे घेऊन. त्या दिवशीसुद्धा उशीर, असं आम्ही सगळेच म्हणालो होतो, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नऊ वर्षं झाली. त्यांनी कधी एका शब्दाने सांगितलं नाही.

"ठेवते गं," वन्सं म्हणाल्या. "हा मला भट्टी दाखवायला नेतोय."

फोन ठेवला. हे खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "पण त्या दिवशी मी खरी वेळ सांगितली होती."

"हो," मी म्हटलं. "पहिल्यांदाच."