पाटावर बसवलेला डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे, आणि भारतीय फुटबॉलचा सगळा भार काही वर्षं माझ्या एकट्याच्या टाचेवर होता.

बरं, भारतीय फुटबॉलचा नाही म्हणा. महेशचा होता. पण मित्रांनो, महेश दिवाळीचा फराळ करून आला की फरक फारसा कळत नसे.

सध्या माझा मुक्काम नाशिकला, सिडकोतल्या एका घरात, टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात आहे. बाजूला उजवा असतो. तो स्वस्थ बसतो. मला मात्र बसवत नाही. खाली गल्लीत कुणी नुसतं बसमागे पळालं तरी माझा तळ शिवशिवतो आणि मी काचेकडे सरकू पाहतो. सरकत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुठल्या गावी ते सांगता येणार नाही, कारण डब्याचं झाकण बंद होतं. ते उघडलं तेव्हा समोर महेश होता आणि आम्ही कोलकात्याच्या एका दुकानात होतो. महेश तिथल्या एका क्लबात मिडफिल्डर होता. म्हणजे काय, हे त्याच्या वडिलांना विचारू नका. वाल्मीकराव अंबडच्या एका कंपनीत लेथवर काम करतात. शेजारी विचारत, पोरगा गोल मारतो का? ते म्हणत, नाही. मग अडवतो का? तेही नाही. मग करतो काय?

"मधे असतो," वाल्मीकराव सांगत आणि विषय कांद्याच्या भावाकडे वळवत.

खरं तर काम सोपं आहे. मागच्यांना चेंडूची भीती असते आणि पुढच्यांना त्याची घाई असते. मधल्याने घाबरलेल्यांकडून तो घ्यायचा आणि घाईतल्यांना द्यायचा. गोल झाला की पुढच्याला खांद्यावर घेतात. आपल्यावर गोल बसला की सगळे वळून मधल्याकडे बघतात. आमच्या जोडीतही तीच व्यवस्था होती. चेंडू मारायचा उजवा. तो मारत असताना महेश आडवा पडू नये म्हणून चेंडूशेजारी पाय रोवून उभा राहायचो मी. उजव्याला वाटे, मी विश्रांती घेतो.

कौतुक झालंच नाही असं नाही. एकदा वर्तमानपत्रात आमच्या सामन्याचा फोटो आला होता. मधोमध गोल मारणारा खेळाडू होता आणि अगदी कोपऱ्यात मी होतो. महेश नव्हता, फक्त मी, घोट्यापर्यंत. महेशच्या आईने, सिंधुबाईंनी, तो फोटो कापून घेतला आणि आल्यागेल्याला दाखवला. हा पाय आमच्या महेशचा, असं त्या सांगत. मात्र मुलगा काय काम करतो असं कुणी विचारलं, तर त्यांचा आवाज खाली येई. "अजून खेळतोय," त्या म्हणत. लोक "अजून घरीच आहे" म्हणतात, तो सूर.

मग केरळात एका सामन्यात समोरच्याचा पाय महेशच्या डाव्या अंगठ्यावर पडला. मी मधे होतो, पण माझं कातडं पातळ. हाड मोडलं, जुळलं, आणि जुळताना जरा तिरकं बसलं. त्यानंतर दुसरा कुठलाच बूट त्या पायात जाईना. नाशिकरोडला बूट शिवणाऱ्या लहानूकाकांनी मला लाकडी साच्यावर चढवून ओढून ओढून रुंद केलं. फार दुखलं. पण तेव्हापासून तो अंगठा आणि मी, आमचं छान जमलं. बुटाचं आयुष्य एरवी एखाद-दोन हंगामांचं. माझं या अंगठ्यामुळे लांबलं.

तेहतिसाव्या वर्षी क्लबाने महेशला मोकळं केलं. फोनवर निरोप आला, खाली हात जोडल्याचं चित्र होतं. महेश घरी आला. वाल्मीकरावांनी कंपनीत शब्द टाकून ठेवला होता, स्टोअरमध्ये जागा होती. महेश नाही म्हणेना आणि होही म्हणेना. रोज सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या पळत चढायचा आणि उतरायचा. घरात बसला की गुडघा हलवत बसायचा, इतका की त्याची बायको सायली त्यावर हात ठेवून तो थांबवायची. हात काढला की गुडघा परत सुरू. हा माणूस माझ्याच जातीचा आहे हे मला तेव्हा पटलं.

अशात मुंबईच्या एका संघाचा फोन आला. ते दसऱ्याला नाशिकला जिल्हा संघाशी सरावाचा सामना खेळणार होते. त्यांना एका हंगामासाठी मधला खेळाडू हवा होता. महेशने जिल्ह्याकडून खेळावं, कोच बघतील. जमलं तर मुंबई, नाहीतर सोमवारपासून स्टोअर.

आता मित्रांनो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते खंडेनवमी. ज्या हत्याराने घर चालतं त्याची त्या दिवशी पूजा होते. इतकी वर्षं या सणाला महेश कुठल्या ना कुठल्या क्लबाकडे असे. यंदा तो घरी होता. तो पळायला गेला आणि सिंधुबाईंनी पाट मांडले. वाल्मीकरावांचे नट आवळायचे पाने, सायलीचा लॅपटॉप, घरातली विळी. शिलाई मशीनला आणि दारातल्या स्कूटरला हार. मग त्या थांबल्या, गॅलरीत आल्या, आणि त्यांनी आम्हा दोघांना उचललं.

आधी त्यांनी आम्हाला कढत पाण्यात साबण घालून घासलं. माझ्या तळाशी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मग पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, दोघांच्या तोंडात एकेक झेंडू ठेवला आणि हात जोडले. उजवा म्हणाला, उशीर झाला, पण ओळखलं.

महेश आला आणि दारातच उभा राहिला. आईने त्याच्या खेळाला पहिल्यांदा कामात धरलं होतं. विळीच्या शेजारी, लॅपटॉपच्या रांगेत. मग त्याला आठवलं.

"आई, उद्या मॅच आहे."

"माहीत हाय. म्हणून तर पुजले."

"उद्या तेच घालायचेत."

सिंधुबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. "ज्याला हात जोडले, त्यात पाय घालशील तू?"

शिवाय त्यांच्या सिन्नरकडच्या घराण्याचा रिवाज असा की पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटल्याशिवाय पाटावरून हलवायचं नाही. सोनं म्हणजे आपट्याची पानं, आणि ती वाटायची संध्याकाळी. सामना दुपारी. वाल्मीकरावांनी बायकोची बाजू घेतली. त्यांच्या कंपनीत लेथला हार घातला की मालकसुद्धा बटण दाबत नाही, असं त्यांनी सांगितलं. वर तोडगा म्हणून स्वतःचे कॅनव्हासचे बूट देऊ केले.

महेशने संघातल्या पोरांचे बूट आणून पाहिले. एकात अंगठा जाईना. दुसऱ्यात गेला, पण निघताना जांभळा होऊन निघाला. आम्हाला पाटावरून सरळ उचलावं, तर त्याचा हात होईना. आईने इतक्या वर्षांनी जे मांडलं होतं ते मोडायचं कसं? तो जमिनीवर बसला आणि गुडघा हलवू लागला. मी पाटावरून बघत होतो. देव झालेल्या बुटाला सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही.

शेवटी सायली बोलली. "आई, स्कूटरला हार घातलात. उद्या बाबा तिच्यावर बसतील ते डोक्याने का?"

"गाडी निराळी," सिंधुबाई म्हणाल्या.

"आणि तुमचं शिलाई मशीन? तेही पुजलंत. ते कशाने चालवता?"

वाल्मीकराव छताकडे बघत म्हणाले, "पायमशीन हाय ते."

"तुम्हाला कुणी इचारलं?"

पण मुद्दा लागला होता. त्या रात्रीच्या भाकऱ्या थापायला बसल्या. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवून म्हणाल्या, पायाचं एक वेळ चालेल, सोनं वाटल्याशिवाय मात्र पाट हलणार नाही. सायली म्हणाली, मग लवकर वाटा. कुणाला? तर महेश ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांना.

म्हणून दसऱ्याच्या दुपारी दोन्ही संघ मैदानात उभे असताना कोरी साडी नेसलेल्या सिंधुबाई ताट घेऊन आल्या. पाट काही मैदानावर नेता येईना, म्हणून ताटाला पाटाचा मान दिला होता. ताटात आम्ही दोघे. मागे आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन वाल्मीकराव. त्यांच्या मागे अनवाणी महेश, मान खाली घालून. सिंधुबाईंनी ओळीने सोनं वाटलं. जिल्ह्याची पोरं वाकली, ते बघून मुंबईची वाकली, मुंबईचा एक उंच परदेशी खेळाडू वाकला आणि त्याने पान जपून मोज्यात खोचलं. पंचही वाकले. मुंबईचे कोचही वाकले. सगळ्यांना त्यांनी सोन्यासारखे राहा म्हणून सांगितलं. मग आम्हाला स्वतः खाली ठेवलं.

"घाल," त्या म्हणाल्या. "आणि कुणाला लागेल असं करू नको."

पहिल्या अर्ध्यात आम्ही बरे खेळलो. मग कढत पाण्याने आपलं काम दाखवलं. माझा तळ पुढून सुटला. पाऊल उचललं की मी तोंड उघडायचो, टेकलं की मिटायचो. लोक बघताहेत, असं उजवा पुटपुटला. मध्यंतरात महेश कडेला बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मुंबईचा हंगामही माझ्यासारखाच सुटून चाललेला त्याला दिसत होता.

वाल्मीकराव आले, मातीत गुडघा टेकून बसले आणि खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली. मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि लेथवरची वस्तू धरावी तसा धरून माझ्याभोवती वेढे दिले.

"आता हलत नाय," ते म्हणाले.

टेप कंपनीची होती. दसऱ्याला कंपनीचं काही चालू करायचं नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात एकदा चेंडू मधे आला. महेशने मला त्याच्या शेजारी असं रोवलं की टेप करकरली. उजव्याने चेंडू मुंबईच्या दोघांच्या मधून पुढे सोडला. पुढच्याने तो फक्त ढकलला आणि गोल झाला. सगळे पुढच्याकडे धावले. मुंबईचे कोच मात्र माझ्याकडे बघत होते.

"गोल कुणी मारला?" सिंधुबाईंनी विचारलं.

"त्या पोरानं," वाल्मीकराव म्हणाले. "पण त्याच्यापुढं ठेवला आपल्या महेशनं. मधून." आणि या वेळी त्यांनी विषय बदलला नाही.

कोचनी महेशला सोमवारी मुंबईला बोलावलं, मात्र दुसऱ्या बुटांत. एका हंगामाचा करार झाला. लहानूकाकांनी नवी जोडी साच्यावर चढवली. निघताना महेशने मला हातात घेतलं, टेपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आई, हे टाकू नको." सिंधुबाई कशाला टाकतील? त्यांनी दुसऱ्याच दिवशी कपाट आणलं.

तेव्हापासून मी काचेत आहे. धूळ बसत नाही, उदबत्ती मिळते. पाहुण्यांना सिंधुबाई मला दाखवतात आणि मुलगा मुंबईला कामाला आहे, असं चढ्या आवाजात सांगतात. उजवा तृप्त आहे. मी मात्र अजून रोज सामन्याच्या वेळी जागच्या जागी ताठ होतो. मित्रांनो, ज्या वस्तूने तुमच्यासाठी झीज सोसली तिची काळजी घ्या, तिला जपा, तिला हात जोडा. पण फार मानाने बसवू नका. थोडंसं झिजू द्या. झिजण्यातच आमचा जीव असतो.

तुम्ही या घरी आलात तर माझ्यासाठी अश्रू ढाळू नका, भाषणही नको. सिंधुबाईंनी झुरळांसाठी माझ्यात एक डांबरगोळी टाकून ठेवली आहे. त्यांचं लक्ष नसताना ती तेवढी उजव्यात सरकवा.