हिलारियोने धरलेली बोट

धक्क्यावर आमची अख्खी वस्ती जमली होती. इंजिन घसा फाडून ओरडत होतं आणि बोट जागची हलत नव्हती. वारा मोठ्या नदीचं पाणी उलटं आमच्या ओढ्यात लोटत होता. अंगणं बुडाली होती, फोन मुके झाले होते. बेटावरून बाहेर पडायला रुफिनो भाऊजींची ही एकच बोट, आणि तिच्यात माझी झुल्माताई घोट्याला साप चावून पडली होती. कोंबड्या वर घ्यायला गेली, तर पुरातून वाहत आलेल्या जलपर्णीत तो दडलेला. इस्पितळ नदीपलीकडे.

"पाय धरलाय," वस्तीचे मांत्रिक इसाउरोबाबा म्हणाले. इंजिन बोटीत आणि पंखा फिरवणारा भाग मागे पाण्यात, त्याला आम्ही पायच म्हणतो. "हिलारियोने धरलाय. बुडालेल्याला एकट्याला करमत नाही."

हिलारियो हा भाऊजींचा धाकटा भाऊ, गेल्या हिवाळ्यात इथेच बुडालेला. भाऊजी पांढरेफटक पडले.

बाबांनी सिगारचा धूर सोडला, बोटीला लाल फीत बांधली, पाण्यात वाइन ओतली. "आता हळू. मेलेल्याशी ओरडून बोलू नये, लेकरा." भाऊजींनी अगदी बारीक रेस दिली आणि बोट खरंच सरकली. बायकांनी छातीवर क्रूस केला. ओढ्याच्या तोंडाशी पाणी समोरून आलं, भाऊजींनी रेस वाढवली, इंजिन किंचाळलं आणि प्रवाहाने बोट परत धक्क्याला आणून टेकवली.

"घाई केलीस, रागावला तो," बाबा म्हणाले. "आता सकाळपर्यंत जागरण. दोन बदकं लागतील. पोरीला हलवू नका."

ताईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. "अनिबाल," ती मला म्हणाली, "मला इथे अडकून मरायचं नाही रे."

माझं शाळामास्तराचं डोकं सणकलं. हळू दिलं की चालते, जोर दिला की थांबते. जोर मोजून धरणारं हे भूत म्हणायचं की वजनकाटा?

"भाऊजी, पाय पाण्यावर उचला."

"मास्तर, बघू नका," बाबा म्हणाले. "मेलेल्याचं तोंड दिसेल."

"दिसू दे की. ओळखीचंच आहे."

भाऊजींनी बटण दाबलं, पाय वर आला. तोंड कुणाचंच नव्हतं. पंख्याच्या मधल्या कड्यापासून बाहेरच्या नळीपर्यंत मी खिळ्याने एक सरळ रेघ ओढली. बोट बांधून, पाय पाण्यात सोडून जोरात रेस द्यायला लावली आणि पुन्हा वर घेतला. अर्धी रेघ इकडे, अर्धी तिकडे.

"आतलं कडं फिरलं, पंखा मागे राहिला," मी म्हणालो. "मधे रबर असतं. ओंडक्यावर आपटलं तर गियरचे दाते तुटू नयेत म्हणून ते घसरतं. एकदा खराब झालं की थोड्या जोराला धरतं, जास्तीला सोडतं. काल जलपर्णीतून भरधाव आलात ना?"

"सगळेच येतात. वेग सोडला की अडकतो माणूस."

"तिच्याखाली ओंडका होता."

भाऊजींनी मोडलेली रेघ चाचपली. "म्हणजे हिलारियोने नाही धरलं?"

"नाही हो."

ते तिथेच रडले, रडत रडतच पाना शोधू लागले. खुराड्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला जुना पंखा होता, एक पातं खाच पडलेलं. तोच बसवला.

"बाबा, तरुणपणी तुम्ही बोटींच्या कारखान्यात होता," मी म्हणालो. "रबर ओळखलंत, म्हणून हळू म्हणालात."

"हळू म्हणालो, चालली. यात खोटं काय?"

"सकाळपर्यंतचं जागरण."

बोट धडधडत निघाली.

ताई वाचली. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते थोडं आधी आमच्या वस्तीने धूर बघण्यात घालवलं.

मेलेल्यावर आळ घेणं सोपं असतं, तो खुलासा करायला येत नाही. मेणबत्ती लावायची तर खुशाल लावा. पण जिवंत माणूस अडकून पडला असेल, तर आधी पाय पाण्याबाहेर काढून बघा. आणि कुणी बघू नका म्हणालं, तर नक्कीच बघा.