लाइनवर तिसरं कुणी

हँडसेटच्या पाठीचं झाकण काही केल्या सरकेना. ऑपरेटरबाईंनी अंगठ्याने रेटून पाहिलं, नखाने उचकटून पाहिलं, फडक्यात धरून पिळून पाहिलं. शेवटी तो तसाच पलंगावर टाकून त्या लगबगीने हॉलमध्ये आल्या आणि टेबलावर आडवा ठेवलेला जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला.

"नाही गं उघडत."

"त्याच्यावर बाण दिलाय ना? त्या दिशेला ढकल," पलीकडून लेक म्हणाली.

"बाण कुठाय?"

"आई, चष्मा लावलायस का?"

चष्मा स्वयंपाकघरात होता. तो घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. बाण सापडला, झाकण सरकलं, आणि बॅटऱ्या कुठल्या तोंडाने बसवायच्या हे विचारायला त्या पुन्हा हॉलमध्ये आल्या. हा बिनवायरचा फोन लेकीनेच पाठवला होता. ती आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती, पण या घरात अजून बेबीच. तिचे बाबा, म्हणजे मास्तर, पडले आणि अंथरुणाला खिळले तेव्हापासून तिचा एकच घोशा होता, की आई भाजी आणायला गेली आणि त्यांना काही झालं तर हाताशी फोन हवा. तिचं बरोबरच होतं. फक्त तो जोडायचा तर सूचना हॉलमध्ये ऐकायच्या आणि हात आतल्या खोलीत चालवायचे, अशी गंमत होती. हॉलमधल्या फोनची वायर दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

"ऑपरेटरबाई, लागला का ट्रंक कॉल?" मास्तरांनी पलंगावरून विचारलं.

"लागतोय. धीर धरा."

"धरलाय की. दुसरं काय धरणार आता?"

हे नाव त्यांना मास्तरांनीच दिलं होतं, लग्नानंतर लगेच. तेव्हा त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लांबच लांब बोर्ड, त्याच्यासमोर उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या मुली, कानाला हेडफोन, आणि हातात एकसारखे इकडून तिकडे जाणारे दोर. एका भोकातून दोर काढून दुसऱ्यात खुपसला की दोन गावं बोलू लागत. कुणाला मुलगा झाला, कुणाचं माणूस गेलं, सगळं त्यांच्या बोटांखालून जाई. पण लाइन जोडली की कानाची कळ बंद करायची, असा दंडक होता. मागून फेऱ्या मारणाऱ्या मोठ्या बाई नुसत्या मानेवरून ओळखत, कोण ऐकत बसली आहे ते. ऑपरेटरबाईंना कधी बोलणी खावी लागली नाहीत. पुढे यंत्रं आली, दोर गेले, मुलीही पांगल्या. हाताची ती चपळाई मात्र गेली नव्हती. आज त्याच हातांना एवढंसं झाकण दाद देत नव्हतं, याचं त्यांना मनातून फार वाईट वाटत होतं.

बॅटऱ्या बसल्या. फोनचं बूड पलंगाजवळच्या स्टुलावर आलं, त्याची एक वायर विजेच्या आणि दुसरी भिंतीतल्या टेलिफोनच्या जुन्या सॉकेटात गेली. तांबडा दिवा लागला तेव्हा मास्तरांनी टाळी वाजवली.

"आता उद्या संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही," बेबी म्हणाली. "पोटभर चार्ज होऊ दे. मग वापरायचा. ते मोठं बटण आहे ना, बोलायचं असलं की ते दाबायचं. झालं की पुन्हा तेच दाबायचं. एकच बटण, काही अवघड नाही. सांग बाबांना."

ऑपरेटरबाई आत गेल्या. "बोलायचं असलं की हे मोठं बटण दाबायचं," त्यांनी सांगितलं. ठेवायचं कसं ते त्यांच्या मते सांगण्यासारखं नव्हतं. बोलून झालं की फोन जागेवर ठेवतात, हे कुणाला शिकवायचं? "आणि झालं की ठेवा परत स्टँडवर."

"क्लचपेक्षा सोपं आहे," मास्तर म्हणाले. जन्मभर त्यांनी मोटार शिकवली होती. कुणीही समोर आलं की आधी पायांकडे बघायची त्यांची खोड अजून होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेबीने फोन करून मास्तरांशी बोलून पाहिलं. आवाज छान येत होता. सगळे खूश झाले. ऑपरेटरबाई तेवढ्या शनिवारपासून अस्वस्थ होत्या, कारण रविवारी मुलाचा फोन यायचा.

मुलाचं लग्न मोडलं तेव्हा दोन्हीकडची माणसं याच हॉलमध्ये बसली होती. कुणीच सरळ बोलत नव्हतं. बराच वेळ ते ऐकून घेतल्यावर मास्तर एकदम म्हणाले होते, "चूक आमच्या मुलाची आहे. सुनेचा काही दोष नाही." खोटं नव्हतं ते. पण मुलगा जो उठून गेला तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही. दर रविवारी फोन करी, आईशी बोले, आणि वडिलांचं नावही काढत नसे. मास्तरही काही विचारत नसत. ते पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मात्र, त्या फोन ठेवून आत आल्या तेव्हा, भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं होतं, "काय म्हणाला?"

मुलगा त्याच्या घरातल्या गळक्या नळाबद्दल बोलला होता, एवढंच. "तुमची चौकशी करत होता," ऑपरेटरबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग ते वाढतच गेलं. औषधं वेळेवर घेतात का विचारत होता. थंडीची काळजी घ्या म्हणाला. तिकडे मुलालाही त्या सांगत, बाबा तुझी आठवण काढतात. तुझा लहानपणचा फोटो मागून घेतला. ज्या बाईने नोकरीत कधी दोन माणसांच्या मध्ये एक अक्षर घातलं नव्हतं, ती आता दोन्हीकडची अख्खी बोलणी स्वतःच रचत होती. आणि गेल्या रविवारी, मुलगा फारच एकटा वाटला म्हणून, त्या म्हणून गेल्या होत्या, "ते म्हणत होते, चारचौघांत तसं बोलायला नको होतं." मग काहीतरी कारण काढून त्याने फोन ठेवला होता.

त्यांनी ठरवलं होतं की रविवारी काहीतरी निमित्त करून हँडसेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा. पण त्या दिवशी फोन लवकर आला. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. हॉलमधली जुनी घंटा आणि आतली नवी किरकीर एकदमच सुरू झाली. हातातली चादर तशीच कठड्यावर टाकून त्या धावल्या आणि रिसीव्हर उचलला. आतली किरकीरही थांबली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बाळा, आज लवकर?"

"झोपच लागली नाही." मुलाचा आवाज बसका होता. "आई, गेल्या वेळी तू जे म्हणालीस ना, ते आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतोय मी."

आणि तेवढ्यात त्याचा आवाज खाली गेला. फार नाही. मधलं एखादं दार कुणी हलकेच लोटून घ्यावं, तेवढाच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. एकाच लाइनवर आणखी एक फोन उचलला गेला की असं होतं, हे ऑपरेटरबाईंना झोपेतही कळलं असतं. आता कान देऊन ऐकल्यावर तिसरा श्वासही ऐकू येत होता, जरासा घरघरता.

"थांब हं बाळा, दारावर कुणीतरी..."

"आई, विषय बदलू नकोस. एकदाच विचारतो. बाबा म्हणाले ते? चारचौघांत तसं बोलायला नको होतं, असं ते खरंच म्हणाले? त्यांच्या तोंडाने?"

रिसीव्हर ठेवायच्या खाचेतल्या खटक्यावर त्यांचं बोट होतं. जरा दाबलं असतं तर लाइन तुटली असती. पण तोडून काय होणार होतं? ऐकायचं ते ऐकून झालं होतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून फक्त पलंगाचं पायथ्याकडचं टोक आणि पांघरुणाखालची मास्तरांची पावलं दिसत होती. पावलं हलत नव्हती.

बोला ना, अहो. नुसते ओठ हलवून त्या दाराकडे बघत म्हणाल्या. हो म्हणा, नाही म्हणा, खोकला तरी.

"आई?"

आवाज एकदम मोठा आणि स्वच्छ आला. लोटलेलं दार कुणीतरी पुन्हा उघडलं होतं. तिसरा श्वास नव्हता. मास्तरांनी फोन बंद केला होता.

ऑपरेटरबाईंना हे फार चांगलं माहीत होतं. गाडीत शिकणाऱ्याने चूक केली की मास्तर रागवत नसत. आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसत. पुढचं ज्याचं त्याने समजायचं. त्यांनी ऐकलं होतं, आणि ब्रेक दाबला होता. त्यांचं उत्तर देऊन झालं होतं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "ते नाही म्हणाले. मीच म्हणाले."

"आणि आठवण काढतात, फोटो मागितला, ते?"

"तेही मीच."

"वाटलंच मला," मुलगा म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता दमलेला वाटत होता. "तू आता यात पडू नकोस गं. मी काही म्हणत नाही तुला. पण आता यापुढे त्यांचं काही सांगू नकोस मला. काहीच. ठेवतो."

रिसीव्हर जागेवर ठेवून त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्यावरची चादर नीट वाळत घातली. मग जे होईल ते होवो म्हणून आत गेल्या.

मास्तर कोपरावर भार देऊन अर्धे उठले होते. हँडसेट त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. डोळे लाल होते. पण चेहरा, मोकळ्या रस्त्यावर गाडी काढून आल्यावर व्हायचा, तसा झाला होता.

"पाणी दे आधी," ते म्हणाले. प्याले, आणि भांडं परत देताना जरा हसले. "बोललो मी त्याच्याशी."

"कुणाशी?"

"कुणाशी काय? आपल्या लेकाशी. घंटा वाजली तसा हा उचलला, पण म्हटलं, तुझा फोन आहे, आपण कशाला मध्ये. मग राहवेना. बटण दाबलं तर तुमचं ऐकू यायला लागलं. तू काय सांगितलंस त्याला, ते ऐकलं मी." त्यांनी हात उडवला. "ते असू दे. पण तो विचारतोय आणि तू गप्प. म्हटलं, आता आपणच बोलायला हवं. बोलायचं तर बटण दाबायचं ना? पुन्हा दाबलं, पांघरूण डोक्यावरून घेतलं, आणि सांगून टाकलं."

ऑपरेटरबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. हँडसेटवरची छोटी काच काळी पडली होती. एकच बटण, बेबी म्हणाली होती. झालं की पुन्हा तेच. ते वाक्य त्या हॉलमध्येच ठेवून आल्या होत्या. दुसऱ्यांदा दाबल्यावर फोन मिटला होता, आणि मिटलेल्या फोनशी मास्तर बोलले होते.

"आणि गंमत सांगू?" मास्तर म्हणाले. "मधे दोनदा थांबलो. वाटलं, आता तोडेल, आता काहीतरी लागेलसं बोलेल. एक शब्द बोलला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आजवर कधी ऐकून घेतलंय त्यानं माझं?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"तुला आलं असेलच ऐकू."

"मला... नाही आलं. आवाज नीट नव्हता माझ्याकडे."

"बरं झालं." ते खरंच लाजल्यासारखे दिसले.

"काय बोललात?"

"ते आमचं आमच्यात."

"अहो, थोडं तरी. एक वाक्य."

"वा! नोकरीत विचारायचीस का असं लोकांना?" ते मोठ्याने हसले आणि त्यांना खोकला आला. तो आवरल्यावर म्हणाले, "नको गं विचारू. माझ्या बापाशीसुद्धा असं बोललो नव्हतो मी कधी. कसं बोललो माझं मला ठाऊक. पुन्हा सांग म्हणालीस तर जमायचं नाही." त्यांनी मान मागे टेकली. "ती उशी जरा उंच कर. आणि मला या बाजूला वळव. दिवसभर ती भिंत बघून कंटाळा आला."

त्यांनी उशी उंच केली. खांद्याखाली हात घालून त्यांना दाराकडे वळवलं.

"मग काय म्हणाला तो, ठेवताना?"

"दमला होता," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "ठेवतो म्हणाला."

"दमणारच." मास्तरांनी मान हलवली. "पुढच्या रविवारी मी उचलतो."

ऑपरेटरबाईंनी हँडसेट त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. कुठेही नेता येत होता तो. ओट्याशी उभं राहून त्यांनी मोठं बटण दाबलं. काच उजळली, कानात टोन आला. मुलाचा नंबर त्यांच्या बोटांना पाठ होता. म्हणाले रे ते, खरंच म्हणाले, असं सांगायचं. काय म्हणाले, असं तो विचारेल. कदाचित विचारणारही नाही.

बोट पहिल्या आकड्यावर तसंच राहिलं. टोन एकसुरी वाजत राहिला, आणि कुणीच नंबर फिरवत नाही हे पाहून पलीकडच्या यंत्राने तो तोडला. मग तुटक तुटक आवाज येऊ लागला.

"कुणाला लावतेस गं?" आतून मास्तरांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा खणखणीत लागला होता.