पांढऱ्या लाटा

तलवारीचं पातं घोटून घोटून त्यातली पाण्याची रेघ, म्हणजे पोलादाला पाणी देताना धारेलगत उमटलेली खूण, वर काढायची, हे शिकलगाराचं काम. कानामेचा हात त्यात तरबेज होता, डोकं मात्र चटकन तापायचं. गावचे तलवारी घडवणारे लोहार तोकुहेईआजोबा, त्यांनी शेवटची तलवार घडवली, भट्टी कायमची विझवली आणि पातं तिच्याकडे घोटायला दिलं. उद्या ते देवळात वाहायचं.

पण रेघ कशी? सरळसोट, फिकी, शेतावरच्या धुक्यासारखी. कानामे वैतागली. लोक म्हणणार, म्हाताऱ्याचा हात गेला! मग तिने नखाएवढ्या दगडाने रेघेवर पांढरं चढवलं. तेवढं सगळेच शिकलगार करतात, पण आहे त्या रेघेला धरून. हिने मात्र नसलेल्या लाटा काढल्या.

आज ओसाफुने गावातली जाणकार मंडळी तलवार बघायला जमली होती. कानामेला कामं द्यायची ती हीच माणसं. पात्याला नमस्कार करून एकेक जण ते दिव्यासमोर धरत होता.

"काय लाटा आहेत!" इनाबाकाका पात्यावर तोंड नेऊन म्हणाले.

"तोंड मिटा आधी! थुंकी उडाली की गंज धरेल," शिनोबूकाकू खेकसल्या.

"बायको परवडली हिच्यापेक्षा," काका पुटपुटले. "पण म्हाताऱ्याने जाता जाता रंग उधळला हं!"

कानामे मनातून फुलली. मग पातं आजोबांच्या हातात गेलं. त्यांनी ते तिरपं केलं, सरळ केलं, पुन्हा तिरपं केलं. हळूच खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणाची आहे ही तलवार?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आजोबा, तुमचीच की!" इनाबाकाका मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले. शिनोबूकाकूंकडे बघून त्यांनी डोक्यापाशी बोट फिरवलं.

आजोबांनी ते पाहिलं. कानामेकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचे कान तापले. एका शब्दात ते तिला उघडं पाडू शकले असते. त्यापेक्षा चारचौघांत भ्रमिष्ट ठरले आणि गप्प बसले. आपण गप्प बसलो तर उद्या ह्या खोट्या लाटा त्यांच्या नावावर देवळात जाणार.

"त्या लाटा माझ्या आहेत," ती म्हणाली. आवाज चिरकला. "मी काढल्यात. पांढऱ्याकडे बघू नका. पातं दिव्याच्या खाली तिरपं धरा, खरी रेघ आत दिसेल."

इनाबाकाकांनी धरलं. बघता बघता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बाई," शिनोबूकाकू म्हणाल्या, "एवढी देखणी रेघ झाकलीस तू?"

कानामेने चटईवर डोकं टेकलं. "पांढरं काढून देते, आजोबा. देवळात वाहायला आठ दिवस उशीर होईल. लोक तुम्हाला नावं ठेवतील असं वाटलं मला."

"माझा हात थकला, असं वाटलं तुला?"

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "हो."

"थकलाच होता," आजोबा म्हणाले. "थकल्या हाताला जेवढं जमलं, तेवढंच दिलं होतं मी देवाला."

त्यांनी पातं रेशमात गुंडाळून तिच्यापुढे सरकवलं. ते घ्यायला तरी मान वर करायला हवी होती. तिला ती करवेना.